दोष द्राक्षाचा नव्हे, तुझ्या घराचा

गेल्या रविवारी तुझ्या घरी चार पाहुण्यांसमोर मी गप्प बसले. ताटावर बसलेल्या माणसाचा पाणउतारा करू नये, ही माझ्या आईची शिकवण. पण तेव्हा जे गिळलं ते आज लिहिते आहे. तू ते शेवटपर्यंत वाच, आणि वाचून झाल्यावर मला फोन करून "सॉरी मॅडम" म्हणू नकोस. काय करायचं ते खाली सांगितलं आहे, ते कर.

तीन वर्षं जपून ठेवलेल्या दोन बाटल्या तू मोठ्या हौसेनं उघडल्यास. सोव्हिन्याँ ब्लाँ ग्लासात ओतलीस, तेव्हाच मला कळलं. जी वाईन फिकट, किंचित हिरवट झाक असलेली हवी, ती कोऱ्या चहाच्या रंगावर गेली होती. वास येत होता चिरून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. लाल कॅबर्ने तर कढवलेल्या मनुकांसारखी लागली. तू एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "आपल्याकडच्या वाईनचं हे असंच असतं. द्राक्षातच दम नाही."

हे सगळं लिहायला मी बसले ती त्या एका वाक्यामुळे. वाईन बिघडते, माझ्याही हातून बिघडली आहे. पण बिघडवलीस तू आणि बोल लावलास ती द्राक्षं पिकवणाऱ्या, नाशिकजवळच्या दिंडोरीच्या शेतकऱ्याला, हे मी खपवून घेणार नाही. नाशिकच्या मातीत शिकलास, किण्वनाचं रसायन माझ्याच वर्गात बसून वहीत उतरवून घेतलंस, आणि पुरावा समोर असताना तो न पाहता निकाल दिलास.

पुरावा म्हणजे बूच. तू ते ताटलीत टाकलंस, मी उचलून घरी आणलं. आत्ता ते माझ्यासमोर टेबलावर आहे. नीट ठेवलेल्या बाटलीचं बूच कसं असतं? वाईनकडच्या टोकाला तेवढा रंग चढलेला असतो, बाकी बूच वरपर्यंत कोरडं आणि स्वच्छ. तुझ्या बुचाच्या एका अंगाला खालपासून वरपर्यंत जांभळी रेघ आहे. वरची कड चिकट आहे. झाकणावरच्या वेष्टणाच्या आत तपकिरी कडं धरलं होतं, तेही मी पाहिलं. ही रेघ शेतात उमटत नाही, कारखान्यात उमटत नाही. ती उन्हाळ्यात, घरात उमटते.

कशी, ते पुन्हा एकदा सांगते. बाटलीत ७५० मिलिलिटर वाईन असते आणि बुचाखाली हवेला बोटभरही जागा नसते. वीस अंशांवरची वाईन चाळीसवर गेली की चहाच्या चमचाभर फुगते. त्या चमचाभर वाईनला जागा हवी. ती आधी बुचाखालची हवा दाबते आणि मग बुचाच्या कडेनं वाट काढते. रात्री गारवा आला की वाईन आकसते आणि त्याच वाटेनं बाहेरची हवा आत ओढून घेते. दिवसा बाहेर, रात्री आत. असं तुझ्या घरात तीन उन्हाळे चाललं. बाटली श्वास घेत राहिली आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत ऑक्सिजन गेला. द्राक्षात दम होता रे. तो तू काढून घेतलास.

आता त्या बाटल्या तुझ्या घरी कशा आल्या ते बघू. जेवताना तूच सांगितलंस. मे महिन्यात सहकुटुंब नाशिकला आलास, गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात फिरलास, सहा बाटल्या घेतल्यास, त्या गाडीच्या डिकीत टाकल्यास आणि तिथून त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलास. रांगेत तीन तास गेले म्हणालास. गाडी कुठे होती? उन्हात. उन्हातल्या बंद गाडीत पारा पन्नासच्या वर सहज जातो. त्या गाडीत तू लहान मूल ठेवलं असतंस का? भाजी ठेवली असतीस का? दुधाची पिशवी तरी ठेवली असतीस का? मग वाईन कशी ठेवलीस? बाटली काचेची आहे, वर बूच घट्ट आहे, म्हणजे आतल्या मालाला काही होत नाही, हा समज तुझ्या डोक्यात कुणी भरवला? मी तरी नाही.

त्याच मळ्यात जानेवारी-फेब्रुवारीत काय चालतं हे तुला माहीत आहे, कारण शेवटच्या वर्षी मी तुम्हाला तिथे घेऊन गेले होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, घड धरतात, साखर भरते, आणि तोडणीची वेळ आली की मजूर उजाडायच्या आधी, डोक्याला बॅटरी लावून उभे राहतात. का? मण्याच्या आत रात्रीचा गारवा असतानाच तो कारखान्यात पोहोचावा म्हणून. पुढे पांढऱ्या वाईनचा रस थंड टाक्यांमध्ये पंधरा अंशांच्या आसपास आंबवत ठेवतात. त्या टाक्या थंड ठेवायला किती वीज जाते, हे तिथल्या माणसानं तुमच्यासमोर सांगितलं होतं. छाटणीपासून बाटली भरेपर्यंत शेकडो हात त्या वाईनला उष्णतेपासून वाचवत असतात. बाटली भरली की ती तुझ्या हातात येते. त्या साखळीतला शेवटचा माणूस तू आहेस. आणि साखळी तुझ्याच कडीपाशी तुटली.

बरं, घरी आणल्यावर तरी शहाणपण सुचावं. ठाण्यात बाराव्या मजल्यावर पश्चिमेचा हॉल, त्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेचं शोकेस, शोकेसमध्ये पांढरे दिवे, आणि त्या दिव्यांखाली बाटल्या उभ्या. पाहुणा आला की त्याच्या नजरेत भराव्यात म्हणून. वाईन ही शोभेची वस्तू नाही, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगेन. ती खाण्यापिण्याच्या मालासारखीच नासणारी चीज आहे. ट्रॉफी शोकेसमध्ये ठेव, गणपतीची मूर्ती ठेव. वाईन ठेवू नकोस.

उजेडाचं कारण वर्गात शिकवलेलं होतं, पण तू विसरलास, म्हणून पुन्हा. वाईनमध्ये रायबोफ्लेविन असतं, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. ते जांभळा-निळा उजेड शोषतं आणि मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लाला फोडतं. त्यातून गंधकाची संयुगं तयार होतात आणि वाईनला शिजलेल्या कोबीचा, ओल्या लोकरीचा वास येतो. कडक उन्हात पारदर्शक बाटलीला त्यासाठी काही तास पुरतात. हिरवी काच थोडं अडवते, तपकिरी त्याहून जास्त, पारदर्शक काच जवळजवळ काहीच नाही. आणि तू गुलाबी रोझेची पारदर्शक काचेची बाटली सगळ्यात पुढे, बरोबर दिव्याखाली ठेवली होतीस, कारण तिचा रंग छान दिसतो. फ्रान्समध्ये १८७६ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी लुई रोडरर या घराण्यानं क्रिस्टल नावाची शँपेन पारदर्शक बाटलीत भरली. ती बाटली आजही पिवळट कागदात गुंडाळून विकतात. ज्यांना बाटली दाखवायची आहे तेसुद्धा आतल्या वाईनला उजेडापासून झाकतात. तुझ्याकडे साधं वर्तमानपत्र नव्हतं का?

अंधार आणि गारवा काय करतो ते ऐक. २०१० साली बाल्टिक समुद्रात, ऑलंड बेटांजवळ, पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजात शँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षं त्या पन्नास मीटर खोल, काळ्याकुट्ट, बर्फासारख्या गार पाण्यात पडून होत्या. काहींत समुद्राचं पाणी शिरलं होतं. पण काहींतली शँपेन तज्ज्ञांनी चाखली आणि ती अजून पिण्याजोगी होती. बुडालेल्या जहाजानं पावणेदोनशे वर्षं सांभाळलं ते तुझ्या सजवलेल्या हॉलला तीन वर्षं सांभाळता आलं नाही.

आता उष्णतेचा हिशेब. रसायनातला ढोबळ नियम तुला पाठ असायला हवा: तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वाईन ठेवायला बारा ते चौदा अंश उत्तम. तेरावर ठेवलेल्या वाईनला जे घडायला वर्ष लागतं, ते तेहेतीसवर तीन महिन्यांत घडतं. आणि तू म्हणशील, बरंच झालं, लवकर मुरेल. नाही. सगळ्या क्रिया सारख्या पटीत वाढत नाहीत. मंद आचेवरचं वरण आणि करपलेलं वरण यांत फक्त वेळेचा फरक असतो का? उष्णतेनं फळाचा वास आधी उडतो, वाईनला राखणारा सल्फर डायऑक्साइड लवकर खर्ची पडतो आणि मग हवेला अडवायला आत कुणी उरत नाही.

तेरा अंश ठाण्यात कुठून आणू, असं विचारशील. तो प्रश्न योग्य आहे, पण तो तीन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. तेरा नाही जमलं तर बावीस-तेवीस जमव, पण ते दिवसरात्र सारखं राहू दे. रात्री एसी लावून बेडरूम बावीसवर आणायची आणि सकाळी बंद करून दुपारी पस्तीसवर जाऊ द्यायची, हा रोजचा झोका बाटलीला सर्वांत वाईट. संथपणे ऋतूंबरोबर चढणारं-उतरणारं तापमान बाटली सोसते, रोजची ओढाताण सोसत नाही. फ्रान्समध्ये रीम्सच्या खडूच्या खाणी शँपेन ठेवायला वापरतात त्या याचसाठी. जमिनीखाली बारमाही दहा-बारा अंश, ना ऊन ना वारा. आपल्या जुन्या वाड्यांतली तळघरं, धान्याची पेवं काय वेगळं करत होती? जाड भिंत, अंधार, स्थिर हवा. हे शहाणपण आपल्या घरात होतं. ते तू काचेच्या शोकेसपायी सोडलंस.

तुझ्या आजीच्या लोणच्याच्या बरणीचं तूच मला एकदा कौतुक सांगितलं होतंस. चिनीमातीची बरणी, तोंडाला दादरा बांधलेला, माजघरातल्या फडताळात सगळ्यात खालच्या कप्प्यात. उन्हात नाही, चुलीजवळ नाही, ओला हात लावायचा नाही, उगाच हलवायची नाही. आजीला रायबोफ्लेविन माहीत नव्हतं, पण माल कसा राखायचा ते माहीत होतं. तुला दोन्ही माहीत असायला हवं होतं. तू एकही केलं नाहीस.

आता स्वयंपाकघरात ये. उरलेल्या चार बाटल्या आता कुठे आहेत ते पाणी घ्यायला उठले तेव्हा पाहिलं. दोन फ्रिजच्या डोक्यावर. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, ती वरच चढते, आणि कॉम्प्रेसरची थरथर दिवसभर चालू. जुन्या लाल वाईनच्या तळाशी बसलेला गाळ त्यानं ढवळला जातो. घरातली सर्वांत वाईट जागा शोधून काढायला सांगितली असती तर तू हीच काढली असतीस. उरलेल्या दोन माळ्यावर, स्लॅबखाली, डांबरगोळ्यांच्या डब्याशेजारी. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडतो. डांबरगोळ्यांच्या उग्र वासाजवळ वाईन कधीही ठेवू नये, एवढं तरी नाकानं सांगायला हवं होतं.

बाटल्या उभ्या का होत्या? बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच आतून ओलं राहतं, फुगलेलं राहतं, मानेला घट्ट बसतं. हे बूच म्हणजे बुचाच्या ओक झाडाची साल आहे, जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. एकदा साल काढली की पुन्हा काढायला नऊ वर्षं थांबावं लागतं. २४ मिलिमीटर जाडीचं बूच दाबून १८-१९ मिलिमीटरच्या मानेत बसवलेलं असतं. ते वाळलं की आकसतं, आणि नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते वाळतंच. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवलीस तरी चालेल, आणि आपल्याकडच्या बऱ्याच वाईन आता फिरकीच्या झाकणातच येतात. बाटली हातात घेऊन झाकण बघायला किती वेळ लागतो? आणि एक लक्षात ठेव, व्हिस्की मात्र कायम उभीच. तिच्यातला जास्त अल्कोहोल बूच खातो. तू नेमकं उलटं केलंस: व्हिस्की आडवी, वाईन उभी.

फ्रिजबद्दलही तुझा गैरसमज आहे. फ्रिज वाईट नाही. पांढरी, रोझे, स्पार्कलिंग काही आठवडे त्यात खुशाल ठेव, शोकेसपेक्षा शंभरपट बरं. पण वर्षानुवर्षं नको, आतली हवा कोरडी असते. आणि फ्रीझरमध्ये "अर्ध्या तासासाठी" ठेवून विसरू नकोस. वाईन उणे पाच-सहा अंशांवर गोठते, फुगते आणि बूच तरी फेकते नाहीतर बाटली तरी फोडते. गार केलेल्या पांढऱ्या वाईनच्या तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले म्हणून तुझ्या बायकोनं मागे एक बाटली बेसिनमध्ये ओतली, हेही तू हसत सांगितलंस. ते टार्टारिक आम्लाचे क्षार होते, द्राक्षातलेच, पूर्ण निरुपद्रवी. तू तिला सांगायला हवं होतंस. तुला ते पाच मार्कांना आलं होतं.

उघडलेल्या बाटलीचा तर तुम्ही खूनच करता. अर्धी उरली की ओट्यावर, गॅसशेजारी, रविवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत. लुई पाश्चरनं १८६६ साली वाईनच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. हवा आणि जिवाणू मिळून वाईनचं व्हिनेगर करतात, हे तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. उघडली की लगेच झाकण लाव, लाल असो की पांढरी, फ्रिजमध्ये ठेव आणि तीन-चार दिवसांत संपव. एवढं साधं आहे.

आणि सगळ्यात मोठी चूक राहिलीच. ती सोव्हिन्याँ ब्लाँ तीन वर्षं ठेवायची होतीच कुठे? जुनी वाईन म्हणजे चांगली वाईन, हे सिनेमात ऐकलंस आणि खरं मानलंस. जगातली बहुतेक वाईन तरुणपणी प्यायलाच केलेली असते. आपली सोव्हिन्याँ, शेनिन, रोझे ही वर्ष-दोन वर्षांत संपवायची. काही निवडक शिराज, कॅबर्ने, ओकच्या पिंपात राहिलेल्या, त्या आणखी काही वर्षं थांबतात, तेही चांगल्या जागेत. तू ती बाटली प्रमोशनसाठी राखलीस, मग वाढदिवसासाठी, मग आणखी कशासाठी तरी. शेतकऱ्यानं ती तुझ्या समारंभासाठी केली नव्हती, पिण्यासाठी केली होती. वेळेत प्यायला असतास तर त्या घोटात दिंडोरीची सकाळ असती.

आता काय करायचं ते ऐक, आणि सबब सांगू नकोस. उरलेल्या चारही बाटल्या आजच माळ्यावरून आणि फ्रिजवरून खाली काढ. घरातली सर्वांत आतली भिंत शोध, जिला पश्चिमेचं किंवा दक्षिणेचं ऊन लागत नाही. तिथलं खालचं कपाट, नाहीतर दिवाणाच्या आतली जागा. बाटल्या त्यांच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या, खोकं थर्माकोलच्या पेटीत, पेटी जमिनीवर. थर्माकोल थंडावा देत नाही, पण दिवसाची उष्णता सावकाश आत येऊ देतो, म्हणून रोजचा झोका कमी होतो. वाईनचा फ्रिज घेणार म्हणत होतास, घे, पण कॉम्प्रेसरचा घे. कॉम्प्रेसर नसलेले छोटे फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जातात, खोली चाळीसवर गेली की ते हात टेकतात. आणि तेवढे पैसे नसतील तर कमी घे. दोन बाटल्या घे, दोन महिन्यांत पी. न साठवणं ही साठवणीची सर्वांत उत्तम पद्धत आहे. पुढच्या वेळी मळ्यात गेलास तर आधी त्र्यंबकेश्वर आणि मग खरेदी. बाटल्या डिकीत नाही, एसीच्या झोतात, सीटखाली, ओल्या टॉवेलात.

आणि हा तुझा गृहपाठ. एक साधा तापमापक आण, शंभर-दीडशेला मिळतो. आठवडाभर तो घरात पाच जागी फिरव: शोकेस, फ्रिजचं डोकं, माळा, दिवाणाखाली, आतलं कपाट. सकाळी सातला आणि दुपारी तीनला आकडा बघ आणि वहीत लिही. रकाने आखून, शाईनं. आठवड्यानं त्या वहीकडे बघशील तेव्हा कुणाला दोष द्यायचा ते मला सांगावं लागणार नाही.

द्राक्षाच्या हंगामात नाशिकला ये. वही आण. बूच मी सांभाळून ठेवलं आहे. त्याच्यावरची रेघ आणि तुझ्या वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवू. मग आपण दोघं दिंडोरीला जाऊ, पहाटे, तोडणी चालू असताना. तिथे ज्या माणसाच्या द्राक्षात दम नाही असं तू चार लोकांत म्हणालास, त्याच्या समोर उभं राहून ते आकडे तू स्वतः वाचून दाखव.